पायलॉन शर्यत: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं इतकी आली की सगळं सदर त्यालाच दिलं आहे: रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांची एफ३डी गटातली पायलॉन (खांबांभोवतीची) शर्यत, आणि तीही देशाचा संघ म्हणून खेळताना. नव्या वाचकांसाठी आधी मैदान डोळ्यांसमोर आणू. तीन खांबांचा लांबट त्रिकोण. दोन आणि तीन नंबरचे खांब एकमेकांपासून ४० मीटरवर, एक नंबरचा खांब त्यांच्यापासून १८० मीटर लांब. एक चक्कर ४०० मीटरची धरायची, अशा दहा चकरा, सगळी वळणं डावीकडे. साधारण साडेसहा सीसीचं मिथेनॉलवर चालणारं इंजिन, एका हीटमध्ये, म्हणजे एका वेळच्या शर्यतीत, तीन विमानं. जेवढे सेकंद तेवढे गुण, म्हणजे कमी गुणांचा पुढे. खांबाच्या आतून वळलात तर ‘कट’ पडतो आणि वेळेत दहा टक्क्यांची भर पडते. दोन कट पडले किंवा शर्यत पुरी झाली नाही, तर सरळ २०० गुण. चांगले पायलट एक मिनिटाच्या आत दहा चकरा संपवतात. आता प्रश्न.

प्रश्न: संघात तीन जागा आहेत. दोन पायलट ठरले. तिसऱ्या जागेसाठी एक जण ५८ सेकंदांत शर्यत संपवतो, पण मधूनच एखादी हीट वाया घालवतो. दुसरा कायम ६२ च्या आसपास, पण कधी चुकत नाही. कोणाला घ्यावं?

आधी आकडे मांडून बघा. दहा फेऱ्या धरू. दुसऱ्या पायलटचे होतात ६२ गुणिले १०, म्हणजे ६२०. पहिल्याने आठ फेऱ्या स्वच्छ ५८ मध्ये काढल्या, एकीत कट पडला आणि एक अर्धवट राहिली असं समजू. ४६४ अधिक ६३.८ अधिक २००, म्हणजे ७२७.८. इथे शंभरावर गुणांचा फरक पडला.

पण स्पर्धेत फेऱ्या पुरेशा झाल्या की सर्वांत वाईट फेरी वगळतात. ती वगळली की पहिला येतो ५२७.८ वर आणि दुसरा ५५८ वर. पारडं उलटं झालं. आता पहिल्याच्या दोन फेऱ्या वाया गेल्या आणि आठ स्वच्छ गेल्या असं धरा. एक २०० वगळले तरी दुसरे २०० राहतातच: ६६४. म्हणजे वेगवान पायलटला एक अपघात माफ आहे, दुसरा नाही.

म्हणून ‘मधूनच’ या शब्दावर समाधान मानू नका. गेल्या तीस हीटांची वही काढा आणि प्रत्येक वाया गेलेल्या हीटपुढे कारण लिहा. कारण यंत्राचं असेल, म्हणजे प्लग (इंधन पेटवणारी तापती तार) जळाला, नळी निसटली, इंजिन सुरूच झालं नाही, तर तो प्रश्न मेकॅनिकच्या टेबलावर सुटतो. तो पायलट घ्या. कारण हातांचं असेल, म्हणजे गर्दीत दुसऱ्या विमानाच्या रेषेत घुसणं, मागे पडलं की वळण आखडतं घेणं, तर ते स्पर्धेच्या ताणात वाढतं, कमी होत नाही. मग ६२ वाला घ्या. संघाच्या क्रमवारीत तिघांची कामगिरी एकत्र धरली जाते. तिघांपैकी एकाचा घोटाळा उरलेल्या दोघांनी कितीही चांगलं उडवलं तरी झाकला जात नाही.

प्रश्न: आमच्याकडे पायलट चांगले आहेत, पण कॉलर, म्हणजे पायलटशेजारून कधी वळायचं ते सांगणारा, म्हणून दर वेळी मोकळा असेल तो उभा राहतो. कॉलरमुळे खरंच किती फरक पडतो? आणि त्याला तयार कसं करायचं?

फार फरक पडतो. तुमच्या पत्रातली हीच एक गोष्ट आधी बदला.

सरळ रेषेत विमानाचा वेग ताशी ३०० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. पायलट उभा असतो दोन-तीन नंबरच्या खांबांच्या बाजूला. त्याला एक नंबरकडे जाणाऱ्या विमानाची फक्त शेपटी दिसते, आणि १८० मीटरवरून ते खांबाच्या अलीकडे आहे की पलीकडे हे त्याला कळणं अशक्य असतं. ते सांगतो कॉलर. त्याचा शब्द एक दशांश सेकंद उशिरा आला की विमान आठ मीटर पुढे जातं, आणि तेवढंच परत यावं लागतं. एका चकरेत सोळा मीटर, दहा चकरांत १६० मीटर, म्हणजे जवळपास दोन सेकंद. दोन सेकंदांसाठी लोक इंजिनं बदलतात, नवे प्रॉप (प्रोपेलर) मागवतात.

आता उलटी बाजू. शब्द लवकर आला तर कट. साठ सेकंदांच्या शर्यतीत एक कट म्हणजे सहा सेकंद. खांबापासून पाच मीटर जादा लांबून वळलात तर चकरेमागे दहा मीटर, शर्यतीत १०० मीटर, साधारण सव्वा सेकंद खर्च होतो. एका कटच्या किमतीत अशा पाच शर्यती सुरक्षित उडवता येतात. म्हणून नव्या जोडीने पाच मीटरचा मोकळा पट्टा ठेवून सुरुवात करावी, आणि कट न पडता वीस हीट झाल्यावर तो एकेक मीटरने कमी करावा.

शब्द दोनच ठेवा. पहिला तयारीचा, दुसरा वळणाचा. तयारीच्या शब्दावर पायलट विमान आडवं करतो, वळणाच्या शब्दावर एलेव्हेटर (शेपटीवरची हलती फळी) ओढतो. तयारीचा शब्द वळणाच्या आधी ठरावीक अंतराने आलाच पाहिजे, दर वेळी तेवढ्याच. त्या दोन शब्दांमधली लय पायलटच्या अंगात मुरली की त्याचा प्रतिसादाचा वेळही नियमित होतो. नुसत्या शब्दावर हात हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, तेवढ्यात विमान सोळा-सतरा मीटर जातं. कॉलरने विमान खांबाशी पोचलेलं बघून बोलायचं नसतं. आत्ता बोललो तर हात हलेपर्यंत ते खांबाशी पोचेल, हे ओळखून बोलायचं असतं.

वळणाचा शब्द ट, क, प अशा ठसक्याच्या अक्षराने सुरू होणारा निवडा. ‘वळ’ किंवा ‘हं’ हे तीन इंजिनांच्या आवाजात विरून जातात. ‘कट’ हा शब्द मात्र वळणासाठी कधीही वापरू नका. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर असतं, त्यामुळे कॉलरने पायलटच्या कानाजवळ, किंचित मागे उभं राहावं. काही जोड्या शब्दाबरोबर पाठीवर बोटानं टोचतात. गोंगाटात ते उपयोगी पडतं.

एक नंबरच्या खांबापाशी पंच प्रत्येक विमानासाठी दिव्याने खूण देतात. दिवा पाहून वळायचं ठरवलंत तर कायम उशीर होईल. दिवा हा पडताळा आहे. शब्द उच्चारल्यानंतर दिवा किती वेळाने लागला, हे कॉलरने दर चकरेला टिपायचं आणि पुढच्या शब्दाची जागा त्यावरून सरकवायची. वारा खांबाकडे वाहत असेल तर विमान पलीकडे ढकललं जातं. त्या दिवशी शब्द थोडा आधी लागतो.

सरावासाठी महागडं काही नको. एक नंबरच्या खांबाच्या रेषेत, मैदानाला आडवा पाहणारा फोन तिकाटण्यावर बसवा आणि चित्रण चालू करून तिथून निघून या. तिथे माणूस ठेवू नका. सेकंदाला ६० चौकटी टिपणाऱ्या चित्रणात एक चौकट म्हणजे विमानाचा सुमारे १.४ मीटरचा प्रवास. विमान रेषेच्या पलीकडे गेल्यापासून परत अलीकडे येईपर्यंतच्या चौकटी मोजा. दहा चकरांचे दहा आकडे लिहा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक दहा चौकटींच्या आत आला की समजा जोडी जमली. त्याचा अर्थ वळणाच्या टोकात सात मीटरांपेक्षा जास्त फरक पडत नाही. सरासरी आकडा मग कमी करता येतो. फरक मोठा असताना सरासरी कमी करायला गेलात, तर कट ठरलेलाच.

आणि कॉलर बदलू नका. तीन पायलट, तीन कॉलर, ठरलेल्या जोड्या.

प्रश्न: आमचं इंजिन पहिल्या तीन चकरा उत्तम ओढतं, नंतर आवाज बदलतो आणि वेग पडतो. निडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई) उघडली तर सुरुवातच मंद होते. इंधन नियमाप्रमाणे ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल. काय करावं?

निडलला हात लावण्याआधी बिघाड कोणत्या चकरेत येतो ते नीट पाहा, कारण चकरेचा आकडाच अर्धं निदान सांगतो.

तिसऱ्या-चौथ्या चकरेत इंजिन बसत असेल तर पहिला संशय उष्णतेवर. काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) हवा शिरायला भोक ठेवलेलं असतं, बाहेर पडायला वाट नसते. बाहेर जाण्याच्या वाटेचं क्षेत्रफळ आत येण्याच्या भोकाच्या दुप्पट ते तिप्पट हवं, आणि आत आलेली हवा सिलिंडरच्या पात्यांमधूनच गेली पाहिजे. बाजूने निसटत असेल तर पातळ पत्र्याची किंवा काचतंतूची आडभिंत बसवा.

दुसरा संशय कॉम्प्रेशनवर. हेड (सिलिंडरचं झाकण) उघडा. आतला घुमट आणि पिस्टनची कड बारीक पॉलिशपेपर घासल्यासारखी खरखरीत दिसत असेल तर मिश्रण वेळेआधी भडकतं आहे. हेडखाली ०.०५ मिलिमीटरची एक शिम (पातळ चकती) घाला आणि पुन्हा उडवा. तरी खरखर वाढली तर आणखी एक. इथे घाई करून एकदम तीन शिमा घातल्या की ताकद जाते आणि खरं कारण सापडत नाही.

सातव्या-आठव्या चकरेत बिघाड येत असेल तर टाकी बघा. टाकी निम्म्याखाली आली की कंपनाने इंधनाला फेस येतो आणि फेसातले बुडबुडे निडलकडे जातात. टाकीला चारही बाजूंनी मऊ फोम हवा, ती सांगाड्याला कुठेही टेकता कामा नये. आत पिशवी असलेली टाकी वापरलीत तर फेसाचा प्रश्नच मिटतो. उतरल्यावर टाकीत उरलेलं इंधन सिरिंजने काढून मोजा. दर वेळी ३० मिलिलिटरपेक्षा कमी उरत असेल तर टाकीच लहान आहे.

आणि फक्त वळणात आवाज बदलत असेल, सरळ रेषेत पूर्ववत होत असेल, तर टाकीची उंची चुकली आहे. हे सहसा कोणी मोजत नाही, म्हणून थोडं विस्ताराने. सेकंदाला ८३ मीटर वेगाने २५ मीटर त्रिज्येचं वळण घेताना विमानावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २८ पट भार येतो. टाकीची मध्यरेषा निडलच्या तोटीपेक्षा फक्त १ सेंटिमीटर खाली असली, तर वळणात इंजिनाच्या दृष्टीने ती २८ सेंटिमीटर खाली गेलेली असते. इंधन चढत नाही, मिश्रण विरळ होतं, तापमान चढतं. पायलटला वाटतं निडल घट्ट आहे. दोन्ही मध्यरेषा एकाच उंचीवर आणा, मिलिमीटरची पट्टी लावून.

हे सगळं झाल्यावर निडल. जमिनीवर इंजिन सर्वाधिक वेगाला नेऊन तिथून मिनिटाला सुमारे ४०० ते ५०० फेऱ्यांनी खाली आणा आणि तिथून सुरुवात करा. हवेत प्रॉपवरचा भार कमी होतो, फेरे दोन-तीन हजारांनी चढून तीस हजारांच्या घरात जातात, आणि मिश्रण आपोआप विरळ होतं. जमिनीवर अचूक वाटणारी निडल हवेत घट्ट ठरते. चाचणी सोपी आहे: जमिनीवर पूर्ण वेगात इंधनाची नळी क्षणभर चिमटा. फेरे चढून परत आले तर मिश्रणात इंधन जास्त आहे, ठीक. चिमटताच फेरे पडले तर आधीच विरळ आहात, विमान सोडू नका.

उतरल्यावर प्लग काढून भिंगाखाली बघा. तार चकचकीत आणि सरळ वेटोळ्यात असेल तर थोडी जागा आहे. तार राखाडी, मळकट, वेटोळं वाकडं झालेलं असेल तर हद्द ओलांडली आहे, पुढच्या उड्डाणात तो प्लग जाईल. उड्डाणाची वेळ, हवेचं तापमान, निडलची खाच आणि प्लगचं रूप एका ओळीत लिहून ठेवा. सकाळच्या गार, दाट हवेत निडल उघडावी लागते आणि दुपारी घट्ट करावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती खाचा, हे फक्त वहीतूनच कळतं.

प्रश्न: तिघांनी एकच प्रॉप वापरावा का?

एकच साचा, हो. पण एका साच्यातले प्रॉपही एकमेकांपासून थोडे वेगळे निघतात. साडेसात इंचांच्या आसपास व्यास आणि तेवढीच पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) असलेला कार्बनचा प्रॉप तीस हजार फेऱ्यांवर फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला जवळपास ३०० मीटर होतो, म्हणजे ध्वनीच्या अगदी जवळ. तिथे दोन पात्यांच्या कोनात अर्ध्या अंशाचा फरकही कानाला कळतो. प्रत्येक प्रॉपला क्रमांक द्या, दोन्ही पाती पिचच्या गेजवर मोजा, तोल साधा, आणि तिघांच्याही विमानांवर एकाच दिवशी उडवून क्रमवारी लावा. एकाला चांगला सापडलेला प्रॉप उद्या दुसऱ्याला द्यावा लागू शकतो, म्हणून हब आणि स्पिनरची भोकं तिघांची सारखी ठेवा. मध्यभागी केसाएवढी चीर दिसली तरी तो प्रॉप मोडून टाका. पेटीत ठेवलात तर घाईत कोणीतरी लावेलच. इंजिन चालू असताना प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभं राहू नये.

प्रश्न: सरळ रेषेत पूर्ण वेगात असताना मोठी माशी घोंघावल्यासारखा आवाज आला. विमान सुखरूप उतरलं. वरून काहीच तुटलेलं दिसत नाही. परत उडवू का?

नाही. ते फ्लटर होतं. एलेव्हेटर किंवा एलेरॉन (पंखावरची हलती फळी) वेगामुळे थरथरला. काही तुटलेलं दिसत नसलं तरी सर्व्होचे (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात, लिंकचं (सर्व्होपासून फळीपर्यंतच्या तारेचं) भोक किंवा बिजागरीचा चिकटपट्टा यांपैकी काहीतरी आधीपेक्षा ढिलं झालेलंच असतं.

रिसीव्हर चालू ठेवा. सर्व्हो आपली जागा धरून आहे याची खात्री करा आणि एलेव्हेटरची मागची कड दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. मागच्या कडेला अर्धा मिलिमीटर जरी मोकळी हालचाल मिळाली तर ती फार झाली. आता एकेक सांधा बोटानं दाबत तीच हालचाल पुन्हा करून पाहा. ज्या सांध्यावर दाब देताच हालचाल थांबते तो ढिला आहे. बहुतेक वेळा तो सर्व्होच्या हातातलं भोक असतं, कारण तारेपेक्षा ते ड्रिलने मोठं पाडलेलं असतं. भोक तारेच्या मापाचं, घट्ट बसणारं हवं. हालचाल कमीच लागते म्हणून लिंक सर्व्होच्या हातावर शक्य तितकी आत आणि एलेव्हेटरच्या शिंगावर (तार अडकवायच्या दांड्यावर) शक्य तितकी बाहेर जोडा. रिमोटमध्ये टक्केवारी कमी करून हालचाल घटवलीत तर ढिलाई तशीच राहते आणि सर्व्होची अचूकता मात्र वाया जाते. धातूच्या दातांचे सर्व्हो वापरा, पण तेही झिजतात. हंगामाच्या सुरुवातीला एलेव्हेटरचा सर्व्हो नवा घाला.

पंखाचा जोडही याच वेळी तपासा. सव्वादोन किलोच्या विमानावर वळणात २८ पट भार म्हणजे जोडावर साठ किलोंपेक्षा जास्त वजन, दर चकरेत, दर वळणात.

प्रश्न: पंचांनी कट दिला, आमच्या मते नव्हता. पायलट तिथेच वाद घालायला गेला आणि प्रकरण चिघळलं. काय करायला हवं होतं?

पायलटने काहीच करायचं नाही. आयोजक आणि ज्युरी यांच्याशी बोलण्याचं काम संघ व्यवस्थापकाचं. अधिकृत निषेध लेखी, ठरलेल्या शुल्कासह आणि मुदतीत द्यावा लागतो. तो मान्य झाला तर शुल्क परत मिळतं. पण कट हा पंचाच्या डोळ्यांचा निर्णय आहे, आणि त्यावर निषेध टिकणं कठीण. निषेध राखून ठेवा चुकीच्या बेरजेसाठी, चुकीच्या विमानाच्या नावावर पडलेल्या कटसाठी, चकरा मोजण्यातल्या चुकीसाठी. त्यासाठी संघातला एक जण प्रत्येक हीटला तिन्ही विमानांच्या चकरा आणि दिवे लिहीत बसलेला हवा. लिहिलेला कागद व्यवस्थापकाच्या हातात असला की बोलणं दोन मिनिटांत संपतं.

प्रश्न: परदेशातल्या अजिंक्यपद स्पर्धेला पहिल्यांदाच जातोय. विमानप्रवासात आणि नोंदणीत काय अडतं?

नोंदणी देशाच्या अधिकृत हवाई क्रीडा संस्थेतर्फे होते, आणि प्रत्येक पायलटकडे चालू वर्षाचा एफएआय (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ) क्रीडा परवाना लागतो. मॉडेलवर देशाचं चिन्ह आणि पायलटचा ओळख क्रमांक किमान २५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, पंखाच्या वरच्या बाजूला. हे घरीच करून न्या. तपासणीच्या रांगेत स्टिकर कापत बसू नका. वजनाची किमान मर्यादा विमानात इंधन नसताना पाहतात. तुमचा काटा आणि त्यांचा काटा यांत दोन-चार ग्रॅमचा फरक पडणारच, म्हणून मर्यादेच्या वर दहा ग्रॅम मोकळे ठेवा. इंजिन बंद करण्याची रिमोटवरची सोय तपासली जाते, आणि सिग्नल गेल्यावरही इंजिन बंद पडायला हवं. फेलसेफ तसा बसवून ठेवा.

इंधन नेता येत नाही, ते स्पर्धेत आयोजक देतात. वापरलेली टाकी आणि इंजिन इंधनाच्या वासामुळे विमानतळावर अडतात. टाकी, नळ्या आणि मफलर काढून धुवा, दोन-तीन दिवस उघड्यावर वाळवा, इंजिन आतून पुसून तेलाचे मोजके थेंब टाका. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच, प्रत्येकीची टोकं चिकटपट्टीने झाकून, वेगळ्या पिशवीत.

तिघांची विमानं एकाच पेटीत कधीही ठेवू नका. एक पेटी हरवली तर एका पायलटचं एक विमान जावं, संघच जाऊ नये. प्रत्येक पेटीत एका पायलटचं मुख्य विमान आणि दुसऱ्याचं राखीव, अशी अदलाबदल करा. प्लग प्रत्येकी वीस तरी हवेत. इंच आणि मिलिमीटर अशा दोन्ही मापांच्या ॲलन किल्ल्या घ्या, कारण इंजिनाचे स्क्रू एका मापाचे आणि विमानाचे दुसऱ्या मापाचे असतात. सरावाचे अधिकृत दिवस सोडू नका: तिथलं इंधन, तिथली उंची, तिथली दमट हवा यांसाठी तुमच्या वहीतल्या निडलच्या खाचा पुन्हा जुळवाव्या लागतात.

प्रश्न: थंड इंजिन हाताने फिरवताना वर अडकतं. घट्टपणा जाण्यासाठी थोडं फिरवत ठेवावं का?

मुळीच नको. या इंजिनांचा सिलिंडर वरच्या बाजूला निमुळता असतो आणि चालू तापमानाला पिस्टन त्यात बरोबर बसतो. थंड असताना फिरवलंत की दर फेऱ्याला ती बसणी थोडी खरवडली जाते, आणि तीच तुमची ताकद. हेडवर गरम हवा सोडा, हाताला चटका बसेल इतपत तापू द्या, मग फिरवा. स्टार्टर लावण्याआधी प्रॉप हाताने एकदा पूर्ण फिरवून बघा. सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असेल आणि तसाच स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. दिवस संपल्यावर आतलं मिथेनॉल जाळून टाका, आफ्टर-रन (गंज रोखणारं) तेल घाला आणि पिस्टन खाली आणून ठेवा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि त्याचा पहिला बळी मागचं बेअरिंग असतं. प्रॉप सावकाश फिरवताना बोटाला कच जाणवली की बेअरिंग बदला. क्रँककेस ओव्हनमध्ये १५० अंशांच्या वर तापवलीत की जुनं बेअरिंग लाकडावर आपटताच बाहेर पडतं आणि नवं आपसूक आत बसतं. ठोकून बसवलेलं बेअरिंग पहिल्याच हीटमध्ये जातं.

प्रश्न: सर, मी १५ वर्षांचा आहे. ट्रेनर (शिकाऊ विमान) आणि एक स्पोर्ट विमान नीट उडवतो. मला देशाच्या संघात यायचं आहे. एफ३डी विमान लगेच घेऊ का?

लगेच घेऊ नकोस. आधी क्विकी ५०० सारखं साधं, चौकोनी पंखाचं विमान घे. इंजिन साधं, दुरुस्ती घरी होते, आणि वळणं तीच असतात. मैदानात मोजपट्टीने १८० आणि ४० मीटर मोजून तीन झेंडे लाव आणि एकट्यानेच दहा-दहा चकरा उडव. सुरुवातीला घड्याळ लावू नकोस. दहाही चकरा एकाच उंचीवर गेल्या का, एवढंच बघ. वळणात विमान वर चढतं किंवा खाली बसतं ते विमान कलवण्याचा कोन चुकल्यामुळे. नव्वद अंशांच्या थोडं आत कुठे ते स्थिर राहतं हे तुझ्या बोटांना कळायला दोनशे चकरा तरी लागतील.

दुसरं काम, एखाद्या अनुभवी पायलटचा मेकॅनिक हो. विमान धरणं, झेंडा पडताच सोडणं, पुढे कॉलर म्हणून उभं राहणं, यातून शर्यत जितकी कळते तितकी उडवूनही कळत नाही. विमान सोडताना ढकलू नकोस, फक्त हात उघड. ढकललं की शेपटी डोलते, आणि इंजिनाच्या पिळामुळे विमान आधीच डावीकडे, शेजारच्या पट्ट्यात ओढलं जात असतं.

वयाचं म्हणशील तर अठरा वर्षं पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत तू कनिष्ठ गटात मोडतोस, आणि अजिंक्यपदाच्या संघात तीन वरिष्ठांखेरीज एका कनिष्ठ पायलटची जागा असते. म्हणजे तुझ्याकडे तीन हंगाम आहेत. पहिला क्विकीवर घालव, दुसऱ्यात कॉलरिंग कर आणि जुनं, सुस्थितीतलं एफ३डी विमान घेऊन एकट्याने उडव, आणि तिसऱ्यात दुसऱ्या दोन विमानांबरोबर एकाच वेळी. एफ३डी घेतलंस की पहिल्या दहा उड्डाणांत खांबांकडे जाऊच नकोस. फक्त उतरायचा सराव कर. त्याच्या इंजिनाला थ्रॉटल नसतो, बंद करायचं आणि तरंगत आणायचं, आणि ते तुझ्या स्पोर्ट विमानापेक्षा दुप्पट लांब तरंगत जातं.